बिनआवाजी प्रत

‘या चित्रपटाने शब्दांचा त्याग केला आहे, आणि म्हणूनच तो आपल्याशी बोलतो.’

हे वाक्य माझं आहे. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ते ठळक अक्षरांत छापलं गेलं, चित्रपटगृहाच्या दारावर डकवलं गेलं आणि सगळ्या सभासदांच्या फोनवर जाऊन पोचलं. वाचायला बरं वाटतं. अडचण एवढीच, की त्या चित्रपटात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एक माणूस बोलत असतो. आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा.

हे कसं झालं ते सांगते. त्यात माझी शोभा काही वाढणार नाही, पण वाढावी इतकी ती मुळात नव्हतीही.

बाबांचं औषधांचं दुकान होतं. दुकान दुसऱ्याला चालवायला दिल्यावर त्यांनी उरलेला वेळ त्या चित्रपटगृहाला वाहिला. चित्रपटगृह म्हणजे बंद पडलेल्या एका फर्निचरच्या शोरूमचा वरचा मजला. अरुंद जिना, जिन्यात मागच्या वर्षांची पोस्टरं, आत जेमतेम शंभर खुर्च्या आणि त्यांतल्या काहींवर ‘बसू नये’ असा कागद. जे चित्रपट मोठ्या थिएटरांत आठवडाभरही टिकत नाहीत, किंवा तिथवर पोचतच नाहीत, ते इथे दाखवतात. खेळ संपला की पडद्यापुढे दोन खुर्च्या मांडतात. एकीवर दिग्दर्शक बसतो, दुसरीवर चर्चा चालवणारा. ही दुसरी खुर्ची कित्येक वर्षं बाबांची होती, आणि आगामी चित्रपटांची ओळख करून देणाऱ्या टिपाही तेच लिहायचे.

त्या टिपा औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारख्या असायच्या. आत काय आहे, किती वेळ घ्यायचं, कुणाला मानवणार नाही. ‘एक म्हातारी बाई घर विकायला काढते आणि शेवटी विकत नाही. चित्रपट सावकाश आहे. डुलकी लागली तर लाजू नये.’ बस, झाली टीप. ती वाचून माझ्या जिवाची तगमग व्हायची. मी एका प्रकाशनसंस्थेत कोशाचं काम करते. दिवसभर इतरांच्या व्याख्या तपासायच्या, स्वल्पविराम हलवायचे, स्वतःचं मत गिळायचं. अशा माणसाच्या हाती कोरी जागा आली की काय होतं, ते पुढे दिसेलच.

बाबा गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर एका दुपारी ताई आल्या. चित्रपटगृह चालवणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले लोकसुद्धा.

"पुढच्या महिन्याच्या टिपा राहिल्यात," त्या म्हणाल्या. "तू लिहितेस का?"

"ताई, मी काही चित्रपटातली नाही."

"मग ते कुठे होते? ते खोकल्याच्या औषधातले होते."

मी आढेवेढे घेतले. ते किती घ्यायचे याचा अंदाज मला चांगला आहे. ताई उठायच्या आत मी हो म्हटलं, चर्चा चालवण्यासकट.

चारपैकी तीन चित्रपटांच्या प्रती ताईंनी पाठवल्या. चौथ्याची यायची होती. मी बाबांचा संगणक उघडला तर त्यांच्या मेलमध्ये त्याच दिग्दर्शकाची लिंक सापडली. ‘काका, ही प्रत जरूर बघा.’ खाली आणखी बऱ्याच ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. गेलेल्या माणसाची खाजगी पत्रं वाचू नयेत, असा एक उदात्त विचार मला सुचला. उदात्त विचार नेमके अशाच वेळी सुचतात, जेव्हा नुसतं खाली वाचत गेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

चित्रपट महामार्गावरच्या एका वजनकाट्याबद्दल होता. ट्रक येतो, लोखंडी पाटावर उभा राहतो, थोड्या वेळाने निघून जातो. दुसरा येतो. काट्याच्या खोलीतला माणूस दिसत नाही, खिडकीतून फक्त त्याचा हात बाहेर येतो. एकदा एक कुत्रा पाटावर येऊन बसतो आणि ट्रकवाला तो उठायची वाट पाहतो. या सगळ्याला आवाज नाही. इंजिनाचा नाही, माणसाचा नाही, कुत्र्याचाही नाही. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पांढरे आकडे सारखे पळत असतात.

कुणीही शहाण्या माणसाने स्पीकर तपासला असता. मी दिवा मालवून, वही मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत पाहिला. मला सगळं पटत गेलं.

बाबांची टीप चार ओळींची असायची. माझी पानाच्या मागच्या बाजूला गेली. त्यात शांततेचे प्रकार होते. बोलण्याच्या आधीची शांतता, नंतरची शांतता आणि जिच्या आधी-नंतर काहीच नाही अशी शांतता. कोपऱ्यातल्या आकड्यांवर एक अख्खा परिच्छेद होता: ‘हे आकडे म्हणजे काळाचं वजन. ते प्रेक्षकाच्या पदरात पडत राहतं, पावती मात्र मिळत नाही.’ हे वाक्य सुचल्यावर मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली होती.

पत्रिका गेली आणि त्या खेळाच्या जागा भराभर भरल्या. लोक बोलण्याला फारच कंटाळलेले असावेत. पण-मास्तरांचासुद्धा निरोप आला. हे निवृत्त शिक्षक. त्यांचा प्रत्येक प्रश्न ‘पण’ने सुरू होतो आणि सहसा प्रश्न नसतोच. दर चर्चेत बाबांशी त्यांची जुंपायची, आणि चर्चा संपल्यावर जिना उतरतानाही ते भांडत उतरायचे. त्यांचा निरोप असा होता: ‘पण हिला तर लिहिता येतं.’ बाबांबद्दल त्यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. मला आनंद झाला. तो झाला हे लिहून ठेवणं भाग आहे.

मग दिग्दर्शकाचा फोन आला.

"मॅडम, टीप वाचली. चार-पाच वेळा वाचली."

"काही चुकलंय का?" मी विचारलं. हा प्रश्न मी नेहमी ‘नाही हो’ असं उत्तर गृहीत धरून विचारते.

"चुकलंय असं नाही. तुम्ही रंगप्रत पाहिलीत."

"रंगप्रत म्हणजे?"

"रंग नीट लागलेत का ते बघायला काढतो ती. तिला आवाज जोडलेला नसतो. काकांना फक्त रंग बघायला पाठवली होती."

मी गप्प राहिले. माझ्या वर्गीकरणात शांततेचा हा प्रकार राहून गेला होता.

"आणि ते आकडे?" मी अखेर विचारलं.

"ते एडिटिंगवाल्यांच्या सोयीसाठी. कितव्या मिनिटाला काय आहे ते कळावं म्हणून."

"म्हणजे काळाचंच," मी म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार.

"तेच तर," तो उत्साहाने म्हणाला. "तुम्ही बरोबरच आहात. आवाजासकट तयार झालेल्या चित्रपटात तो काटेवाला सारखा बोलतो. खरा काटेवाला माइक दिसला की तोंड मिटायचा, म्हणून त्याचं बोलणं मी लिहून काढलं आणि काकांकडून वाचून घेतलं. तुम्हाला ठाऊक असेलच."

"कोणत्या काकांकडून?"

"तुमच्या बाबांकडून," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. हिवाळाभर दुपारी ते चित्रपटगृहात जाऊन, ताईंना जुनी पोस्टरं लावतोय असं सांगून, प्रोजेक्टरच्या मशीनच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून पांघरुणं टांगून, रेकॉर्डिंग करत होते. ऐकून मी तिथल्या तिथे खाली बसले. मग दिग्दर्शक पुढचं बोलला, आणि बसले होते हे बरं झालं असं वाटलं.

"पण मॅडम, तुमची टीप वाचल्यापासून मला तो आवाज नकोसा झालाय. मी चित्रपट पुन्हा आवाज बंद करून पाहिला. तुम्ही लिहिलंय ते सगळं त्यात आहे. मला दिसलंच नव्हतं. शनिवारी मी तीच प्रत दाखवणार. आकड्यांसकट."

"अहो, पण ती चूक होती."

"मोठ्या गोष्टी चुकूनच सापडतात."

"आणि बाबांचा आवाज?"

"आवाजाची फाइल तुम्हाला पाठवतो ना. घरी शांतपणे ऐका. काकांना माझा निर्णय आवडला असता."

गेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे सांगणारे लोक त्या दिवसांत मला बरेच भेटले. आश्चर्य म्हणजे बाबांना नेहमी त्या-त्या माणसाच्या सोयीचंच आवडलं असतं.

फोन ठेवला. बाबांनी आयुष्यात एकदा कधी नव्हे ते काहीतरी स्वतःचं करून ठेवलं होतं, आणि मी ते न ऐकताच, त्याच्या नसण्याचं कौतुक करून, पुसून टाकायला लावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि आमच्याकडे त्यांच्या आवाजाचं दुसरं होतं तरी काय? फोनवर बाबा ‘हां, आईला देतो’ याच्या पलीकडे जात नसत. घरातल्या जुन्या चित्रफितींत ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. ‘हलू नका’ एवढंच काय ते ऐकू येतं.

आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. बाबा गेल्यापासून ती डबे पुसते. आमच्याकडचे डबे इतके लखलखीत कधीच नव्हते.

"आई, बाबांनी एका चित्रपटाला आवाज दिलाय."

"कुणी?"

"बाबांनी. हिवाळ्यात. दुपारी जाऊन रेकॉर्डिंग करायचे म्हणे."

"दुपारी ते दातांच्या डॉक्टरकडे जायचे," आई म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आईने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"तरीच. इतक्या फेऱ्या झाल्या आणि दाढ जशीच्या तशी. त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन."

"तुला का नसेल सांगितलं?"

"मी म्हटलं असतं, बोलताना दर वाक्याला घसा खाकरू नका. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्यांचे उच्चार सुधारले असतेस." तिने हात पुसले. "कधी आहे ते?"

आता टिपेबद्दल सांगणं आलं. आईने ती वाचून दाखवायला लावली. मी वाचली. माझंच गद्य इतकं लांब मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, "म्हणजे काय गं पण?"

"म्हणजे मला आवाज आला नाही, तर मी त्याला थोरवी चिकटवली. आणि आता तो दिग्दर्शक खरोखरच आवाज काढून टाकतोय. फाइल पाठवतो म्हणाला. घरी ऐकता येईल."

"घरी बोलायचं असतं तर ते घरी बोलले असते," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत संधी काय कमी होती? त्यांना त्या हॉलमध्ये, त्या लोकांसमोर बोलायचं होतं. ते तिथेच ऐकू आलं पाहिजे. ते तू बघ. तूच घोळ घातलायस." तिने पुढचा डबा घेतला. "मी येते शनिवारी."

आई त्या चित्रपटगृहात वर्षातून एखाददा यायची आणि दिवे गेले की झोपायची. ‘डुलकी लागली तर लाजू नये’ हे बाबा तिला उद्देशूनच लिहीत असावेत.

घोळ निस्तरण्याचा मला माहीत असलेला एकच मार्ग होता, आणखी लिहिण्याचा. मी दुसरी टीप लिहिली: दृश्याला आवाजाची गरज का असते, न दिसणारा माणूस आवाजाने कसा उभा राहतो, वगैरे. कपाटातली अर्धी पुस्तकं जमिनीवर आली. ती दिग्दर्शकाला धाडली. त्याचं उत्तर आलं: ‘हीसुद्धा सुंदर आहे. पण पहिली जास्त खोल आहे.’ माझ्याच मांजराने मला आडवं जावं तसं झालं.

शनिवारी संध्याकाळी खेळाआधी आम्ही हॉलमध्ये भेटलो. ताई खुर्च्यांवरचे ‘बसू नये’ कागद सरळ करत होत्या. दिग्दर्शक माझ्याहून बराच लहान निघाला, आणि त्याने माझी टीप घडी घालून खिशात ठेवली होती. कोपरा बाहेर दिसत होता. वर मशीनच्या खिडकीतून ऑपरेटरने डोकं काढलं.

"दोन्ही प्रती चढवून ठेवल्यात. कुठली लावू तेवढं सांगा. मला काय, मला दोन्हीकडे ट्रकच दिसतात."

"बिनआवाजाची," दिग्दर्शक म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं.

बोलायचे मुद्दे मी कागदावर काढून आणले होते. पहिला मुद्दा काढला, दुसरा काढला. त्याने दोन्ही खोडले, आणि तेही माझ्याच टिपेतली वाक्यं वापरून. त्याला ती पाठ होती. मला नव्हती.

"मॅडम, तुमच्या टिपेत नेमकं चुकीचं काय, ते एकदा दाखवा," तो म्हणाला. "मला तर एकही वाक्य खोटं वाटत नाही."

"वाक्यं खोटी नाहीत. पण ती तुमच्या चित्रपटाबद्दल नाहीत."

"मग कशाबद्दल आहेत?"

मी कागदाकडे पाहिलं. मग त्याची घडी घातली.

"मी तो पाहिला तेव्हा आमच्या घरात कुणी रेडिओसुद्धा लावत नव्हतं," मी म्हटलं. "आई डबे पुसायची, मी मुद्रितं तपासायची. जेवताना भांड्यांचा आवाज यायचा तेवढाच. अशात तुमचे ट्रक आवाज न करता आले नि गेले. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मला वाटलं, असंच असतं. त्याच्यावर मी पानभर लिहिलं. ते सगळं आमच्या घराबद्दल आहे."

ताईंचा कागद सरळ करणारा हात थांबला होता. दिग्दर्शक बुटांकडे बघत होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "त्या आवाजाची मला पहिल्यापासून धाकधूक होती. मित्रांना दाखवला तर म्हणाले, फार बोलतो रे हा माणूस. आणि मग तुमची टीप आली. मला आजवर कुणी थोर वगैरे म्हटलं नव्हतं."

"तुम्ही असालही थोर. पण ते माझ्या स्पीकरवर ठरू नये."

तो हसला नाही. "आवाज लावण्याचं एक कारण सांगा," तो म्हणाला. "टिपेतलं नको. तुमचं."

"मला बाबांना ऐकायचंय," मी म्हटलं. "इथे बसून."

इतकं साधं वाक्य मी कुणाच्या हस्तलिखितात पाहिलं असतं तर शेजारी ‘विस्तार करावा’ असं लिहिलं असतं. त्याने खिशाबाहेर आलेला टिपेचा कोपरा आत ढकलला. वरून ऑपरेटरने घसा साफ केला.

"ठीक आहे," दिग्दर्शक म्हणाला. "पण हे लोक शांतता बघायला आलेत. त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

हॉल भरला. आई पहिल्या रांगेत येऊन बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी. पण-मास्तर नेहमीच्या जागी, मधल्या वाटेच्या कडेला. दिवे जायच्या आधी मी पडद्यापुढे उभी राहिले.

"आजच्या चित्रपटाची टीप मी लिहिली," मी म्हटलं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. "ती चुकीची आहे. मी चुकून रंग तपासायची प्रत पाहिली. तिला आवाज नसतो."

मागून एकजण म्हणाला, "आणि ते आकडे?"

"ते तंत्रज्ञांच्या सोयीचे असतात. काळाचं वजन वगैरे काही नाही."

आता हॉल हसला. चांगला पोटभर हसला. ताईसुद्धा तोंड फिरवून हसत होत्या. मी वाट पाहिली. घाईने खाली उतरण्यात अर्थ नव्हता, कारण उतरायचं त्यांच्यातच होतं.

"पण मला ते आकड्यांचं पटलं होतं," पण-मास्तर उठून म्हणाले.

"मलाही पटलं होतं, मास्तर. तरी आज दाखवतोय त्यात आकडे नाहीत, आणि एक माणूस बोलतो. जरा जास्तच बोलतो. कुणाला शांतताच हवी असेल तर आत्ता उठायला हरकत नाही."

एक जोडपं उठलं. त्यांचं उठणं मला पटतं, मी त्यांना गद्यात जे कबूल केलं होतं ते आम्ही देत नव्हतो. बोलणारा कोण, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हात जोडून बसले असते, आणि बाबांना तसा प्रेक्षक कधी आवडला नाही. पाहा, मीही गेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी सांगायला लागले.

मी आईशेजारी जाऊन बसले आणि दिवे गेले. पहिला ट्रक पाटावर चढला आणि लोखंडाचा असा आवाज झाला की मी दचकले. मग कुणीतरी घसा खाकरला.

"आला," आई पुटपुटली.

‘गाडी सरळ घ्या. अजून पुढे. बास,’ बाबा म्हणाले.

त्यापुढची काही मिनिटं चित्रपटात काय झालं ते मला सांगता येणार नाही. परीक्षण लिहायची वेळ आली तर मला पुन्हा बघावा लागेल. बाबा घरी बोलायचे त्यापेक्षा जरा सावकाश बोलत होते, गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत असल्यासारखे. ‘वजन’ म्हणताना ते ‘व’वर किंचित रेंगाळायचे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कुत्रा पाटावर बसला तेव्हा ते म्हणाले, ‘हा रोज येतो. ह्याचं वजन वाढलंय, पण ह्याला कोण सांगणार,’ आणि मागे कुणीतरी फसकन हसलं. आई झोपली नव्हती. मी मध्येच पाहिलं तर ती ओठ मुडपून, एखाद्या लहान मुलाचं स्नेहसंमेलनातलं भाषण ऐकावं तशी, पुढे झुकून ऐकत होती.

शेवटाकडे एक लांब दृश्य आहे. तोच ट्रक आधी भरलेला येतो, मग माल उतरवून रिकामा परत येतो. बाबा म्हणतात: ‘भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, मग रिकाम्या गाडीचं. एकातून दुसरं वजा केलं की माल किती ते कळतं. ड्रायव्हर दोन्ही वेळा आतच बसलेला असतो, पण वजाबाकीत तो उरत नाही. तो होता एवढं काट्याला माहीत असतं.’

पंखा फिरत होता.

दिवे लागले. ताईंनी दोन खुर्च्या मांडल्या. दिग्दर्शक एकीवर बसला. मी दुसरीपाशी गेले आणि बसले. तिचा एक पाय आखूड आहे, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. चर्चा उघडायची म्हणजे पहिला प्रश्न आपण विचारायचा. मी तयार करून आणलेला प्रश्न तीन पोटप्रश्नांचा होता. तो मला आठवला, आणि तो विचारू नये हेही तेवढ्यात समजलं.

पण-मास्तर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पण हा आवाज आपल्या औषधवाल्यांचा आहे."

"हो," मी म्हटलं.

"पण त्यांनी मला सांगितलं नाही. दर आठवड्याला जिना उतरताना माझ्याशी हुज्जत घालायचे, आणि एक अक्षर बोलले नाहीत?"

"आम्हालाही नाही," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "मला दाढ म्हणून सांगितलं."

हॉलमध्ये कुजबूज झाली. बऱ्याच जणांना आवाज ओळखीचा वाटला होता आणि कुठला ते आठवत नव्हतं, असं दिसलं. मला वाटलं आता लोक हळहळतील, मग कुणी दोन मिनिटं शांत उभं राहू या असं सुचवेल आणि संध्याकाळ तिथेच संपेल. पण-मास्तर मात्र बसले नाहीत.

"ते असो," ते म्हणाले. "पण ते शेवटचं वाक्य चूक आहे."

दिग्दर्शक सावरून बसला. "ते माझं नाही. लिहिलेल्यात ‘माल किती ते कळतं’ इथेच थांबायचं होतं. पुढचं काकांनी स्वतःहून जोडलं. मी कापू म्हटलं तर म्हणाले, राहू दे."

"म्हणजे त्यांचंच. मग चूकच असणार," पण-मास्तर म्हणाले. "माल उतरवताना ड्रायव्हर चहाला गेला आणि रिकामी गाडी क्लीनरने आणली, तर? क्लीनर हलका असतो. मग ड्रायव्हरचं उरलेलं वजन मालात धरलं जाणार. म्हणजे तो उरतो की. असं कसं म्हणता, उरत नाही म्हणून?"

हे शेवटचं ते दिग्दर्शकाला विचारत नव्हते, मलाही नव्हते. ते पडद्याकडे बघून विचारत होते. बोलून झाल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते उभेच राहिले, पुढच्या खुर्चीची पाठ धरून, आणि त्यांना खाली बसता येईना.

बाबांची बाजू घेणं मला सोपं होतं. असली दुरुस्ती कशी परतवायची ते मला पोटापाण्यासाठी येतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बाई, आवरतं घे, अशा अर्थी.

"मास्तर, क्लीनर किती हलका धरायचा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीची पाठ सोडली आणि शिक्षक फळ्याकडे वळतो तसे हॉलकडे वळले. "समजा," ते म्हणाले, आणि सुरुवात केली. ऑपरेटरने मशीनची खोली बंद केली आणि तो खाली येऊन भिंतीला टेकून ऐकू लागला. पहिल्या रांगेत आईने पर्स मांडीवरून उचलून खुर्चीखाली ठेवली.